बांगर सरांचं कार्ड

आमच्या कॉलेजच्या संगणक प्रयोगशाळेचे प्रमुख बांगर सर नवी वस्तू आली की खोक्यावरचं अक्षर न् अक्षर मोठ्यानं वाचत. आतली माहितीपुस्तिका मात्र ते उघडतसुद्धा नसत. "पुस्तक वाचून यंत्र घेतं का कुणी?" असं म्हणत आणि वाचणाऱ्याकडे, म्हणजे बहुतेक वेळा माझ्याकडे, दयेनं बघत.

शेवटच्या वर्षी माझा प्रकल्प होता पानाच्या फोटोवरून कापसाचा रोग ओळखण्याचा. हजारो फोटो संगणकाला शिकवायचे तर आकडेमोड झपाट्यानं करणारं ग्राफिक्स कार्ड हवं. बाजारात दोन कंपन्या. पहिलीचं कार्ड महाग, पण या कामाची बहुतेक सॉफ्टवेअर तिच्याच कार्डांसाठी लिहिलेली. दुसरीचं स्वस्त, मेमरी भरपूर. पण आमचं सॉफ्टवेअर त्यावर चालत नव्हतं. सरांनी दुसरीचं आणलं.

"नांदूरघाटला आमच्या ट्रॅक्टरला कुणाचाबी रोटाव्हेटर लागतो. मग हे कावून लागंना?"

मी काम सुरू केलं. सॉफ्टवेअरनं कार्डाकडे ढुंकूनही पाहिलं नाही; सगळा भार मूळ प्रोसेसरवर टाकला. सर खूश. "बघ, कार्डाचा पंखासुद्धा वाजत न्हाई. लई दर्जा!" वाजणार कसा? कार्ड रिकामं बसलं होतं आणि काही तासांचं काम दिवस दिवस चाले. त्यात दुपारी वीज जाई आणि पुन्हा पहिल्यापासून सुरुवात.

परीक्षा तोंडावर आली. प्रकल्प चालवून दाखवता आला नाही तर वर्ष जाणार होतं. त्या दिवशी पुन्हा वीज गेली आणि भरल्या प्रयोगशाळेत मी ओरडले, "सर, हे कार्ड कामच करत नाहीये! पहिल्या दिवसापासून!"

सर खुर्चीतच माझ्याकडे वळले. "मग आजपर्यंत बोलली कावून न्हाईस?"

"मेल केला होता, सर. तीनदा."

"मेल? आगं, मी या टेबलावर, तू त्या टेबलावर!"

दुसऱ्या दिवशी सर मुलाचा गेम खेळायचा संगणक मांडीवर घेऊन रिक्षातून उतरले. त्यात पहिल्या कंपनीचं कार्ड होतं. "कार्टं घरात बोलंना झालंय," एवढंच म्हणाले. संध्याकाळपर्यंत काम झालं. परीक्षकांसमोर संगणकानं रोगट पान ओळखलं, तेव्हा माझ्या आधी सरच उठून म्हणाले, "आपलं कार्डबी चांगलंच हाय. सॉफ्टवेअरवालेच आळशी!"

मी नोकरीसाठी पुण्याला आले, तरी कॉलेजच्या खरेदीच्या दिवसांत त्यांचा फोन येई, नेमका मी मीटिंगमध्ये असताना. "यंदा कोणतं घेऊ? मोठ्यानं सांग." मी जिन्यात जाऊन मोठ्यानं सांगे. ते सगळं नीट ऐकून घेत आणि त्या दुसऱ्या कंपनीचंच आणत. मग पुन्हा फोन. "आणलंय. आता हे चालवायचं कसं ते सांग. पोरं थांबलीत." एका कंपनीच्या दारात सगळ्या पोरांनी कावून उभं राहायचं, हा त्यांचा सवाल असे. मी चिडे, मीटिंग सोडे, आणि सांगत बसे.

यंदा सर गेले. खरेदीचे दिवस आले आणि सरले. माझी एकही मीटिंग मोडली नाही.