आईच्या हाताचा रंग

धुळ्याच्या एका स्टुडिओत मी पासपोर्टसाठी फोटो काढायला गेले, तेव्हा एक बाई आधीच फोटोवाल्याशेजारी कॉम्प्युटरसमोर बसलेली होती. बोलण्यावरून पिंपळनेरकडची वाटली. पडद्यावर तिची लेक होती. लग्न जमवायला फोटो काढला आणि जमायच्या आतच पोर काविळीने गेली हो. आता तोच फोटो भिंतीवर लावायचा होता. आपल्याकडे उपवर पोरीचा फोटो गोरा केल्याशिवाय कोणी देतं का? तसा तोही गोरापान होता.

"भाऊ, हाई मनी पोर नही," बाई म्हणाली.

"अक्का, 'उजळ कर' असं तुम्हीच म्हणाला होतात ना?" फोटोवाला म्हणाला.

"तवय पाव्हणासले दखाडनं व्हतं. आते माले दखनं शे."

तेव्हा पाहुण्यांना दाखवायचा होता, आता तिला स्वतःला बघायचा होता. कॅमेऱ्यातला मूळ फोटो, रॉ म्हणतात तो, त्याच्याकडे होता. तो उघडला, तर दिव्याच्या उजेडाने पोर पिवळी दिसत होती. बाईने तोंडच फिरवलं. शेवटी शेवटी पोर तशीच दिसत असणार, मला मेलीला उशिरा कळलं.

मग बाईने बाही वर सारली आणि हात पडद्याजवळ धरला. "मना हातसारखीच व्हती ती."

त्या हाताकडे बघत बघत तो पिवळेपणा कमी करत गेला, सावळेपणा आणत गेला. रंग जुळल्यावर त्याने माउस सोडला. बाईने मात्र हात काढला नाही. पोरीच्या गालाला लावून ती तशीच बसून राहिली.