पीएच.डी.ची सोयरीक

माझ्या पीएच.डी.च्या मुलाखतीला आमच्या घरचे चौघं जण बसले होते. त्यातल्या दोघांचं बोलणं फार छान झालं. त्या दोघांत मी नव्हते.

एम.एस्सी. फिजिक्स करत होते तेव्हापासून मुकुंदवाडीच्या आमच्या घरात एकच प्रश्न होता. "फिजिक्स करून पुढं काय?" बाबा कंपनीतून आले की चपला काढता काढता विचारायचे. मला अणूच्या पोटातलं सगळं सांगता यायचं, हे सोडून! शेवटी बाबांनी निकाल दिला, "ही एक मुलाखत दे. नाय झालं तर गुमान बी.एड." मला तर संशोधनच करायचं होतं, अगदी मनापासून. रात्रंदिवस अभ्यास केला.

पण चूक माझीच. मी आईला समजावलं, "सर लोक लॅपटॉपवर मला बघतील, प्रश्न विचारतील. पसंत पडले तर पाच वर्षं परगावी." आईनं लगेच पडेगावच्या काकांना फोन लावला. काका शेळ्या पाळतात आणि सोयरिकी जुळवतात. (शेळ्या आपल्या नावाला.)

मुलाखतीच्या दिवशी काका हजर. "काका, तुम्ही बाहेर बसा ना!" मी म्हणाले.

"पाच वर्षं पोरगी धाडायची अन् मानसं बघायची नायत व्हय?" असं म्हणून काका टोपी नीट करून माझ्या शेजारच्या खुर्चीत बसले. मागं बाबा. दारात आई, हातात पोह्यांचा ट्रे. (पोहे! लॅपटॉपमधल्या माणसांना!)

स्क्रीनवर तीन सर उगवले. मधले मराठी निघाले आणि हसून त्यांनी पहिलाच प्रश्न टाकला, "माठातलं पाणी गार का होतं?"

मी पेन उचललं. "सर, म्हणजे... समीकरण मांडलं तर..."

"पाझरतो म्हनून!" दारातून आई. "पानी भाईर येतं, वाऱ्यानं सुकतं, जाताना आतली गरमी घिऊन जातं. आमचा जुना माठ पाझरायचा थांबला, तर पानी गारच होईना!"

"वा! निरीक्षण उत्तम आहे," सर म्हणाले. आईनं लाजून ट्रे पुढं केला.

"सायेब, आता आमी इचारू?" काका सरसावले. "पोरगी शिकून पुढं काय व्हनार?"

धरणी दुभंगली असती तर मी लॅपटॉपसकट आत गेले असते! पण सर बोटं मोजत सांगायला लागले. कॉलेजात शिकवता येतं. हवामान खातं आहे, उपग्रह आहेत, चिप बनवणाऱ्या कंपन्या आहेत. दवाखान्यात कॅन्सरच्या पेशंटला किरणं किती द्यायची, तेही फिजिक्सवाले ठरवतात.

"दवाखान्यात?" बाबांनी मागून हळूच विचारलं. दोन वर्षांत मला न जमलेलं उत्तर दोन मिनिटांत देऊन झालं होतं.

"ठीक आहे, कळवतो," सर म्हणाले.

काका ताडकन उठले. "कळवतो म्हंजी नकार! सतरा सोयरिकी केल्यात म्या. रडू नगो पोरी, आपल्यालाबी लई स्थळं हायेत!"

मीटिंग बंद करायचं बटण मी अजून दाबलं नव्हतं!

मग मी खरंच रडले. बाबांनी माठातलं पाणी आणून दिलं आणि म्हणाले, "फुडल्या वर्षी परत दे. बी.एड. कुठं पळून चाललंय?" त्या वाक्यासाठी मी अजून दहा मुलाखतींत नापास झाले असते.

आठ दिवसांनी ईमेल आला. निवड झाली होती! पहिल्या दिवशी तेच मधले सर हात जोडून म्हणाले, "एवढी स्थळं सोडून आमच्याकडे आलात, आभारी आहोत."

आता तिथंच आहे. गेल्या महिन्यात प्रयोगाच्या नळीतली हवा काही केल्या पूर्ण निघेना. तीन आठवडे समीकरणं मांडली. शेवटी आईला फोनवर रडगाणं ऐकवलं.

"कुठंतरी पाझरत आसंल, बघ," आई म्हणाली.

पाझरतच होतं! पीएच.डी. आमची जोरात चालली आहे. प्रबंधावर नाव तेवढं माझं येणार.