चार्कीचं पाणी

मार्थाला जाऊन वर्षही झालं नव्हतं, तोच मी वसई सोडून बहारीनच्या विमानात बसलो. तिथे नोकरीला असलेल्या बायने (माझी थोरली बहीण) फोनवरच दम भरला होता, “दोन नोव्हेंबरला, मृतांच्या दिवशी, बायकोच्या थडग्यापाशी एकटा रडत बसायचं नाही. इकडे ये. आणि येताना बोंबील आण.” मार्थाने अंगणात सुकवलेले शेवटचे बोंबील डब्यात होते. त्यातले निम्मे बांधून घेतले.

वरून बेट दिसलं ते करपलेल्या भाकरीसारखं, सपाट. बायचा फ्लॅट सनाबिसला आहे. खिडकीतून एका मॉलची पाठ दिसते. जवळच समुद्र आहे म्हणतात, मला काही दिसला नाही. पोहोचल्या दिवशीच बायने बोंबील गरम पाण्यातून तीनदा धुऊन काढले आणि कालवण केलं. मी निम्मंच जेवलो.

दुसऱ्या दिवशी जनाबियाला उंट पाहायला गेलो. सोबत बायची शेजारीण रोसा होती. ती पेरू देशातल्या अँडीज पर्वतातली, इथे एका हॉटेलच्या किचनमध्ये कामाला. माझं इंग्रजी यथातथाच, तिचंही तसंच, त्यामुळे आमचं छान जमलं. कुंपणाला धरून ती एका उंटाकडे बघत राहिली.

“आमच्या लामाचं तोंड असंच असतं,” ती म्हणाली. लामा म्हणजे उंटाचा डोंगरातला लोकरी भाऊबंद. “आई त्याची चार्की (खारवून सुकवलेलं मांस) करायची. ती वारली तेव्हा मला लीव्ह मिळाली नाही. तिने पाठवलेली शेवटची चार्की जपून ठेवलीय. आमच्याकडे मृतांच्या दिवशी गेलेलं माणूस आपल्या आवडीचं जेवायला घरी येतं. उद्या तिच्यासाठी चाइरो (चार्कीचा रस्सा) करणार आहे.”

रोसाची खोली चौघींत, म्हणून रस्सा बायकडे शिजणार होता. चार्की भिजत घालून रोसा सकाळच्या शिफ्टला गेली. पोर येईपर्यंत निम्मं काम उरकू, म्हणून बायने पदर खोचला. सुकं म्हटलं की आमच्या हातांना एकच ठाऊक. तीन गरम पाणी, तिन्ही मोरीत. मी शेजारीच शेंगा सोलत होतो. मलाही त्यात काही वावगं वाटलं नाही.

रोसा आली. तिने पातेल्यात पाहिलं. “पाणी कुठंय?”

“फेकलं. किती खारट होतं गं! आता मस्त स्वच्छ झालंय. यल्ला, चल, चुलीवर ठेवू.”

रोसा स्टुलावर बसली. “आम्ही रश्शात वरून मीठ घालत नाही,” ती हळूच म्हणाली. “सगळी चव त्या पाण्यात होती. आईच्या हातचं मीठ होतं ते.”

बायचं तोंड एवढंसं झालं. मग ती माझ्यावरच उखडली, “मेल्या, तू तरी बोलायचंस!”

रोसाने तरीही रस्सा केला. त्यात चुन्यो (थंडीत गोठवून सुकवलेले काळे बटाटे), गहू आणि शेंगांचे दाणे घातले. मेणबत्ती लावून आईचं ताट मांडलं. बायने मिठाची बरणी पुढे सरकवली, तिने ती परत मागे सारली. रश्शाला कसलीच चव नव्हती.

“ती आली तरी ओळखणार नाही,” रोसा म्हणाली. “तिला वाटेल, दुसऱ्याच कुणाचं घर.”

आम्ही जेवलो. बाय भांडी घासताना कितीतरी वेळ रडत होती. निघायच्या दिवशी रोसाने मला मिठी मारली. तिच्या मनात राग नव्हता, आणि त्याचंच मला जास्त वाईट वाटलं.

घरी आलो. कुलूप काढलं तर आत बंद घराचा कुबट वास. बाजारात जायचा कंटाळा आला, म्हणून डब्यातले मार्थाच्या हातचे उरलेले बोंबील काढले आणि सवयीने गरम पाण्यात टाकले. पाणी गढूळ झालं. टोप उचलून मोरीपाशी गेलो आणि तिथेच थबकलो.

ते पाणी मला ओतवेना. सगळं कालवणातच घातलं, तळाच्या रेतीसकट. कालवण इतकं खारट झालं की जीभ भाजल्यासारखी झाली. ताट पुसून खाल्लं.