चिंचेने घासलेला ऑफिक्लाइड

गोऱ्यांची पलटण गेली तेव्हा छावणीच्या भंगारातून आमच्या बँडमालकांनी एक वाजा उचलून गोंदियाला आणला. त्याचं नाव ऑफिक्लाइड, हे मला फार पुढे कळलं. आम्ही भोंगा म्हणायचो. मधोमध दुमडलेली जाड पितळी नळी, तोंड आभाळाकडे, अंगभर बशीएवढ्या चाव्या, नि प्रत्येक चावीखाली भोक झाकणारी चामड्याची गादी. फ्रान्समधल्या कुणा शहाण्याने सापासारख्या वळणाच्या जुन्या लाकडी वाज्याला सुधारायला म्हणून हे काढलं. पुढे पिस्टनचे वाजे आले आणि विलायतेने हे फेकून दिलं. बरोबरच केलं. आमच्या मालकांना मात्र विलायती म्हणून त्याचं कोण कौतुक.

मी सांगलीकडचा, सातवीतून शाळा सोडलेला. या मुलखात ओळखीचं कुत्रं नव्हतं. मालकांनी गोंदियाजवळच्या कुडवा गावात आपल्या घरी ओसरी दिली, दोन वेळचा भात दिला. ते उपकार मी विसरलेलो नाही. पण मला ठेवलं होतं भोंगा वाजवायला, सगळं त्यावरच होतं. तो वाजला नाही तर मी जायचं कुठे, ही धास्ती रोजची.

केशोरी गावातल्या एका लग्नाआधी मालकांनी भोंगा स्वतः घासला. घागर घासावी तसा, चिंचेचं पाणी ओतून. मग उन्हात वाळत घातला.

मी म्हटलं, "मालक, चामडं भिजलं ना."

"लग्नात चामडं कोन पायते गा?"

वरातीत फुंकलं, तर वाळून पापड झालेल्या गाद्यांतून वारा सुटला नि भलताच हंबरडा निघाला. नवरदेवाचा मामा म्हणाला, "काऊन गा, रेडा बिमार हाये का तुमचा?" वरात हसली. आता ओसरी गेलीच म्हणून समजलो.

मालक क्लॅरनेट घेऊन जवळ आले. "फुकू नोको. गाल फुगव, बोटं हालव. चमकून राहिला ना, बस."

"अन् माझं काम?"

"हेच तुह्यं काम."

मग मी मुका चाललो. थोड्या वेळाने तोच मामा मान डोलवत आला. "आता कसा सुरात आला."

असले ते कानसेन. पुढची सुपारी द्यायला आलेले लोकही तो मोठा विलायती पुढे पाहिजे म्हणून अडून बसले. खरं वाजवणाऱ्या क्लॅरनेटचं कुणी नाव काढलं नाही. मालकांनी मला पुढच्या रांगेत घातलं, आणि पुढचे दोन हंगाम मी गाल फुगवून पोटभर जेवलो.