लॉगबुकातलं 'वरीलप्रमाणे'

मित्रांनो, सकाळपासून डोकं फिरलंय, म्हणून लिहितोय.

टिटवाळ्याच्या शेडमध्ये मी आणि सुहासने नऊ वर्षं खपून दोन सीटचं विमान बांधलं, हे तुम्हाला माहीतच आहे. आज परवान्याच्या नूतनीकरणासाठी तपासनीस बाई आल्या. विमानाकडे ढुंकूनही न बघता त्यांनी आधी देखभालीचं लॉगबुक मागितलं.

पहिल्या पानावर मी नीट लिहिलेलं, 'इंधनाचा पाइप वाकवून पाहिला, भेग नाही.' त्याखाली दर महिन्याला 'वरीलप्रमाणे' आणि माझी सही.

"काका, दर महिन्याला पाइप पाहिलात की वरची ओळ?"

मी भडकलो. "अहो मॅडम, या हातांनी बांधलंय हे! मला कागद काय शिकवता?"

"मग उघडा की."

इंजिनावरचं कव्हर उघडलं. पाइपला नखाएवढी भेग, खाली पेट्रोलचा ओला डाग. रविवारी सुहास त्याच्या मुलीला घेऊन उडणार होता.

सरकारी कचेरीत तीस वर्षं 'वरीलप्रमाणे' लिहून मी निवृत्त झालो. त्याने कुणाचं काही बिघडलं नाही, असं आजवर समजत होतो. पण तिथे तरी मी कधी उघडून पाहिलं होतं?