डब्यातलं जुनं कार्ड

बायको जाताना मले म्हणे, काही मनात असन तं बोलून टाका. मी नाई बोललो. तिच्यापाशी नाई, कोणापाशीच नाई. आज तुमच्यापाशी बोलून राह्यलो—काऊन, ते मलेही समजत नाई.

आमच्या गावाभोवती वाघाचं रान. माझी पुतणी प्रिया कम्प्युटर शिकलेली. तिनं रानात कॅमेरे बांधले अन् माझ्या घरी त्याचे निरोप वाचणारा एक डबा ठेवला. रानात नेटवर्क असून नसल्यासारखं; फोटो सोडा, दोन शब्दही धड निघत नाई. म्हणून कॅमेरा नुसते आकडे पाठवे, ठरल्या क्रमानं—पहिला जनावराचा, दुसरा जागेचा. एक म्हणजे तलाव, तीन म्हणजे नाला. नावं डब्यातल्या कार्डात भरलेली. डबा दाखवे अन् मी भोंग्यावर सांगे. मोठा मान होता मले. खोटं काऊन बोलू?

मग तिनं त्या दोन आकड्यांच्या मधात एक वाढवला—जनावरं किती. माझ्या हाती नवं कार्ड देऊन म्हणाली, "मोठे बाबा, आजच बदलवा. नाई तं जुनं कार्ड त्या आकड्यालेच जागा समजन."

"मले शिकवतं का वं पोरी? तू पाळण्यात होती तवापासून मी वाघाच्या रानात फिरून राह्यलो."

ती हसली अन् गेली. खरं सांगू? कार्ड कोणत्या बाजूनं घालाचं, तेच मले समजलं नव्हतं. पण पुन्हा विचारू—मी? पोरीले?

रानात मोहफुलं वेचाचे दिवस होते. पहाटे डब्यावर आलं—वाघ, तलाव. मी भोंग्यावर सांगितलं. शेजारची शेवंता टोपली घेऊन दारातूनच ओरडली, "भाऊ, मंग नाल्याकडं जाऊ ना? का तिथीही तुमचा जावई बसला?"

"जा, बिनधास्त जा," म्हटलं मी.

वाघ एकच होता. तो एकचा आकडा डब्यातल्या जुन्या कार्डानं तलाव म्हणून वाचला. वाघ नाल्यावर होता.

दुपारी शेवंताले खाटेवर आणलं. जीव नव्हता. सारं गाव तिच्या दारात—अन् मी घरात जाऊन कार्ड बदलवलं. तवा बाजू बरोबर समजली, पहिल्याच खेपेले. जुनं चुलीत घातलं.

प्रिया धावत आली. डबा उघडून पाह्यला. आत नवंच कार्ड. म्हणजे चूक आपल्याच कामात, असं तिनं धरलं. शेवंताच्या पोरीच्या पायावर डोकं ठेवून रडली. मी बाजूले उभा होतो. एक शब्द—बोलता येत नव्हता का मले? येत होता.

ते काम तिनं सोडलं. आता राजुऱ्याले कपड्याच्या दुकानात उभी राह्यते. सणाले येते, माझ्या पाया पडते. मी पडू देतो.

डबा बंद आहे. भोंगा अजून माझ्याच हाती. पारावर लोक म्हणतात, त्या पोरीच्या मशीनपेक्षा आपले भाऊ बरे.

मी मान डोलावतो.