भांडारातलं शेवटचं एक

“आन् ह्याच्याहून अवघड वखत आला तर, साहेब?”

नोकरीच्या पहिल्या दिवशी साहेबांच्या दाराबाहेर उभी असताना मी हे वाक्य ऐकलं. आतला दिवा गेला होता. भांडारात एकच बल्ब होता आणि भांडार सांभाळणारे काका तो द्यायला तयार नव्हते. साहेब चिडून म्हणत होते, “अहो, समोरचा कागद दिसत नाही मला. यापेक्षा अवघड वेळ कुठली?” त्यावर काकांनी वरचं उत्तर अगदी अदबीनं दिलं आणि साहेबांचं टेबल स्वतः ओढत खिडकीपाशी नेऊन ठेवलं.

परभणी जिल्ह्यातच काय, साऱ्या मराठवाड्यात कुठलीही वस्तू संपू न देणारा असा दुसरा माणूस झाला नसेल. टाचण्या, शाई, साबण, सुतळी, काहीही मागा, काका देत. पण शेवटचं एक कधीच हलायचं नाही. त्यांच्या काडेपेटीत एक काडी कायम असे आणि बिडी पेटवायला ते शिपायाकडे काडी मागत. शिपाई म्हणायचा, “काका, तुमच्या पेटीतली काय लेकीच्या लग्नाला ठिवली का?” काका हसून म्हणत, “लग्नाला कशाला? तुझी पेटी सरल्यावर तू कुणाकडं येशील, त्याची फिकीर करायलोय मी.” काका रोज झरी गावाहून एसटीनं येत. डब्यातल्या तीन भाकरींपैकी चतकोर परत घरी जाई. बायको रागावते, असं तेच कौतुकानं सांगत.

आमची कचेरी बियाण्यांची उगवण तपासायची. नामांतराच्या आंदोलनाची ती शेवटची वर्षं. कचेरीत चार कॉम्प्युटर आले आणि ते एकमेकांना जोडायचं सामान आलं. कॉम्प्युटरचं म्हणून जे काही होतं, ते करायला मी एकटी, तीही सहा महिन्यांच्या नेमणुकीवर. साहेबांनी स्पष्ट सांगितलं होतं: “प्रयोगशाळेतला निकाल महिनाअखेर माझ्या टेबलावरच्या मशीनवर दिसला तर नेमणूक पुढे चालू, नाहीतर खोकी परत आणि तुम्हीही घरी.” कंपनीचा इंजिनिअर खोकी उतरवून गेला तो गेलाच. बंदमुळे एसट्या उभ्या राहिल्या आणि उरलं एक जाडजूड पुस्तक. मी इंग्रजी शाळेतली, म्हणून ते मला येणारच, असं सगळ्यांनी धरून चाललं होतं. इंग्रजी मला येत होतं. पुस्तक येत नव्हतं.

काकांनी चिठ्ठीवर सही घेऊन सामान दिलं. एक काळी केबल या मशीनपासून त्या मशीनपर्यंत न्यायची आणि तिच्या मोकळ्या टोकांना अंगठ्याएवढं पितळी टोपण बसवायचं. पुस्तकातल्या चित्रात दोन्ही टोकांना टोपण होतं. माझ्या हातात एकच आलं. वाटलं, कंपनीनं एकच पाठवलं असेल, एकानंही चालत असेल. विचारायचं म्हणजे सात पुरुषांच्या खोलीत जाऊन उभं राहायचं, आणि माझ्या पुस्तकी मराठीला ती खोली आधीच एकदा हसली होती. मी विचारलं नाही. आठ दिवस जोड काढले, परत बसवले, टेबलांखाली रांगले. मशीन एकमेकांना ओळख देईनात.

मला त्या खोलीत डबा खाता येत नाही, हे मात्र काकांनी न सांगताच हेरलं होतं. ज्या भांडाराच्या उंबऱ्याबाहेर साहेबांनाही थांबावं लागे, ते काका दुपारी माझ्यासाठी उघडत. स्वतः बाहेर स्टुलावर पाठमोरे बसत आणि दाराशी बोलावं तसं बोलत. “खा सावकाश. लोणचं हाय का? न्हाई तर आमच्या डब्यातलं घे. कुणी येत न्हाई इकडं, मी हाय की.” मी हूं म्हणायची. त्यांना तेवढं पुरायचं.

नवव्या दिवशी खाता खाता समोरच्या जाळीच्या कपाटाकडे नजर गेली. एक शाईची बाटली, एक साबण, एक खडूची पेटी, आणि त्यांच्या रांगेत एक पितळी टोपण; दोऱ्यानं चिठ्ठी बांधलेलं. बाकी सामान जास्तीचं आलं होतं, त्यामुळे त्यातलं एकेक राखलेलं मला कळलंही नव्हतं. टोपणं दोनच आली होती.

“काय बगायलीस, बाई?” काका वळले. मी बोटानं टोपण दाखवलं, मग केबलची दोन टोकं हवेत काढून दाखवली. त्यांना समजायला वेळ लागला नाही. मला वाटलं, हसतील. त्यांचा चेहरा उतरला. “म्हंजी आठ दिवस तू माझ्यापायी रांगायलीस?” त्यांनी घाईघाईनं कपाट उघडलं. टोपण माझ्या तळहातावर ठेवलं तरी त्यांना त्यावरची बोटं काढवेनात. “बहात्तरच्या दुकाळात आईनं धान्याचं मडकं पालथं घालून दाखिवलं होतं,” ते म्हणाले. “तवापासून रिकामी फळी बगवत न्हाई मला. ने. लवकर ने.”

केबलच्या दुसऱ्या टोकालाही टोपण बसलं आणि तासाभरात प्रयोगशाळेतल्या ज्वारीचा निकाल साहेबांच्या मशीनवर उमटला. सगळी कचेरी तिथे जमली. काका सर्वांत मागे, दाराला टेकून. साहेब खुश झाले आणि लगेच सावध झाले. काकांकडून भांडार काढून घ्यायचं त्यांच्या मनात बरेच दिवस होतं. काकांच्या निवृत्तीला दोन वर्षं उरली होती. “नऊ दिवस कशानं गेले? उशीर भांडारामुळे झाला असेल तर तसं सांगा. तुमच्या नेमणुकीच्या शेऱ्यात मला कारण लिहावं लागेल.”

सगळे माझ्याकडे बघू लागले. काकांनीही मान वर केली; सांगून टाक, असंच त्यांचे डोळे म्हणत होते. आज इतक्या वर्षांनी त्या कचेरीतले बाकीचे चेहरे पुसट झाले आहेत, साहेबांचासुद्धा. ते डोळे तेवढे जसेच्या तसे आहेत.

“भांडाराची चूक नाही, सर,” मी म्हणाले. “मी मागितलंच नव्हतं.”